शनिवारी जोडे घेतले जात नाहीत

वैशाख लागला की आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या गच्च्या भरून जातात. कुणाच्या कुरडया, कुणाचे पापड, कुणाच्या लाल मिरच्या. आमच्या गच्चीवर जोडे वाळायचे. लहान मुलांचे जोडे, जुन्या साडीवर ओळीने मांडलेले, नाड्या सोडवलेले, तोंडं उन्हाकडे केलेले. शाळेचे काळे, पी.टी.चे पांढरे, मध्येच एखादा गुलाबी, चमकी निम्मी गळालेला. दुपारी एकच्या सुमाराला रबर तापायचं आणि त्याचा वास जिन्यावरून खाली उतरायचा. साबण, कापड, थोडा घाम आणि तापलेलं रबर. वाईट नव्हता तो वास. शाळा सुटायच्या वेळी वर्गात असतो, तसा होता.

यंदा गच्ची रिकामी आहे. शेजारच्या मंगलावहिनींच्या कुरडया आहेत, पलीकडे कुणीतरी चिंच पसरली आहे. मी संध्याकाळी वर जातो, एक फेरी मारतो आणि खाली येतो. निर्मला जाऊन वर्ष होत आलं.

निर्मला माझी बायको. तापीपलीकडच्या जैनाबादच्या प्राथमिक शाळेत तिने पंचवीसहून अधिक वर्षं शिकवलं. मी इथल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. माझं काम गप्प राहण्याचं आणि तिचं दिवसभर बोलण्याचं, त्यामुळे घरी आल्यावर ती गप्प बसायची आणि मी बोलावं अशी तिची अपेक्षा असे. मला ते कधी नीट जमलं नाही. आता लिहितो आहे, तेही सावकाशच.

जोड्यांचं सगळं सुरू झालं ते इच्छापूरच्या जत्रेवरून. चैत्रात इच्छादेवीला आमच्याकडची माणसं पायी जातात, पुष्कळशी अनवाणी. तोवर डांबर तापू लागलेलं असतं. जत्रेनंतर निर्मलाने वर्गात विचारलं, कुणाला काय आवडलं? कुणी पाळणा म्हणालं, कुणी बर्फाचा गोळा. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मले तर चालत जाणं आवडलं. तिथी सगळेच बिना चप्पलचे ऱ्हातात.”

निर्मलाने रात्रीच्या जेवणात हे सांगितलं. सांगताना हसत होती. मग हात धुवायला उठली आणि बराच वेळ नळाशीच उभी राहिली.

अनवाणी हा एकच शब्द आपण दोन माणसांसाठी वापरतो. देवासाठी ज्याने चपला काढून ठेवल्या तोही अनवाणी, आणि ज्याच्याकडे काढून ठेवायला काही नाही तोही. माझ्या हाताखालून इतकी वर्षं शब्दकोश गेले, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मागच्या रांगेतल्या त्या मुलीच्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून निर्मला मोहल्ल्यात घरोघर विचारू लागली. मार्चमध्ये निकाल लागतो, मुलं वरच्या वर्गात जातात आणि जुने जोडे चावू लागतात. ते पलंगाखाली, माळ्यावर, कुलरच्या मागे पडलेले असतात. ती ते आणायची, घासायची, वैशाखाच्या उन्हात दोन दिवस तापवायची. “ऊन सगळं घेतं,” असं ती म्हणायची. बुरशी, वास, आधीच्या मुलाचा पाय, सगळं.

मुलांची मापं ती सुताने घ्यायची. फूटपट्टी लावली की मुलं लाजून पाय ओढून घेतात, सुताने गुदगुल्या होतात, मग ती हसतात आणि पाय आपोआप सरळ होतो, हा तिचा शोध. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सूत धरायचं, तिथे एक गाठ मारायची. मग बोटभर सोडून दुसरी गाठ. पहिली गाठ पायाची, दुसरी जोड्याची. शिंप्याला आपण सांगतो ना, वाढत्या अंगाचं शिवा, तसं. तिच्या वर्गात खिळ्याला अशी सुतं लटकलेली असायची, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. वाऱ्याने हलायची.

सूत सलीमभाईंचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचे साड्या विणायचे लूम आहेत. दिवसभर खटखट चालू असते. लाईट गेली की ती एकदम थांबते आणि सगळ्या मोहल्ल्याला बहिरेपण आल्यासारखं वाटतं. त्यांनी एकदा किनारीच्या पिवळ्या सुताचा उरलेला कोन आणून दिला. म्हणाले, “भाभी, इतने में साड़ी तो बनेगी नहीं. आप जूते बाँधो.” जुन्या जोड्यांच्या नाड्या हटकून तुटलेल्या असतात. निर्मला त्या सुताची तीनपदरी वेणी घालून नाड्या करायची. काळ्या बुटाला पिवळी नाडी. दुसऱ्या शाळेत चाललं नसतं, पण जैनाबादच्या शाळेत तीच मॅडम होती.

पुढे जैनाबादच्या मुलांना पुरून उरतील इतके जोडे जमू लागले. आमची मुलगी केतकी पुण्याला असते. तिने मुंबईच्या एका संस्थेचं सांगितलं. तिथून जोडे जहाजाने देशोदेशी जातात. कुठे पूर आलेला असतो, कुठे लढाई झालेली असते, कुठे शाळाच इतकी लांब असते की तिथवर पोचायला पाय राहत नाहीत. ज्येष्ठ लागायच्या आत आमच्या घरून खोकी निघू लागली.

यावर मंगलावहिनींनी कठड्यावरून पहिला आक्षेप घेतला. “ताई, इथल्यांच्या पायात नाहीत आणि तुम्ही दुनियेला वाटत सुटलात! आणि माझ्या कुरडयांवर तुमच्या जोड्यांचं वारं येतं हो!”

निर्मला म्हणाली, “कुरडया तळल्यावर एक ताट इकडे पाठवा, मी चव घेऊन सांगते वारं लागलंय का.”

“ते पाठवीनच. पण आधी सांगा, त्या आफ्रिकेचं तुम्हाला काय पडलंय?”

“जैनाबादच्या पोरांचे पाय मला माहीत आहेत, म्हणून ती आधी. ज्यांचे माहीत नाहीत ती नंतर. नंतर म्हणजे नाहीच, असं थोडंच आहे?”

एका वर्षी संस्थेकडून एक फोटो आला. लाल मातीचं मैदान, मागे पत्र्याची शाळा, पुढे तीसेक मुलं उभी. मी मागे लिहिलेलं देशाचं नाव वाचलं, नकाशा काढला, नद्या दाखवल्या. ती ऐकत नव्हती. माझं भिंग घेऊन ती मुलांचे पाय बघत होती. कुणाचाही चेहरा न बघता नुसते पाय. मग एकदम म्हणाली, “अहो, हे बघा!” तिसऱ्या रांगेत, दोन मुलांच्या मधून एका मुलीचा एक पाय दिसत होता. काळा बूट, पिवळी नाडी.

तो फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. हे लिहिताना माझं मनगट त्याच्यावर टेकलेलं आहे.

आता शनिवारचं सांगतो. आमच्याकडे शनिवारी शनिमंदिराबाहेर लोक मुद्दाम चपला सोडून येतात. कुणी उचलून नेल्या तर पनोती गेली, पीडा टळली. नेल्या नाहीत तर माणूस हिरमुसतो. मी हे लहानपणापासून बघत आलो आहे आणि त्याला हसत आलो आहे.

एका शनिवारी सकाळी एक गृहस्थ आमच्याकडे आले. हातात खोकं, खोक्यात काळे कोरे बूट, मुलाच्या मापाचे. निर्मला हरखली. “अहो, हे तर एकदाही घातलेले नाहीत!”

ते म्हणाले, “घालायचेच नव्हते ना मॅडम. पोराला साडेसाती लागली आहे. महाराज बोले, शनिवार को काले जूते छोड़ दो. मंदिरापाशी सोडले तर कोणी मोहल्ल्यातलाच नेईल, मग ती पनोती फिरून आपल्याच गल्लीत. तुम्ही तर समुंदर पार पाठवता. जितना दूर जाए उतना अच्छा.”

निर्मलाने खोकं बंद केलं आणि त्यांच्या हातात परत दिलं.

“का हो? फुकट देतोय!”

“फुकट कुठे देताय? तुमच्या मुलाची पीडा त्याच्यात घालून देताय. ती मी दुसऱ्याच्या मुलाला कशी पाठवू?”

गृहस्थ रागावून गेले. गल्लीत जाईपर्यंत त्यांचं “दान का ज़माना नहीं रहा” ऐकू येत होतं. मला गंमत वाटली. मी म्हटलं, “तुझा पनोतीवर विश्वास केव्हापासून बसला?”

“माझा नाहीच.”

“मग बूट घ्यायचे होते. उन्हात ठेवले असतेस. तूच म्हणतेस, ऊन सगळं घेतं.”

ती म्हणाली, “माझा नाही, पण त्यांचा आहे ना. त्यांनी मनाने पीडाच दिली, बूट दिलेच नाहीत. न दिलेलं मी कसं घेऊ?”

त्यानंतर शनिवारचे देणारे वाढले. बातमी पसरली असावी की इथली पनोती जहाजाने जाते. शेवटी तिने मला पुठ्ठा आणि शाई आणून दिली. माझं अक्षर चांगलं आहे. मी लिहिलं, ‘शनिवारी जोडे घेतले जात नाहीत.’ तो पुठ्ठा दाराला टांगला. अजून तिथेच आहे.

मागच्या वर्षी माघात तिच्या पोटात दुखू लागलं. जळगावला दाखवलं, मग इंदूरला. फाल्गुनात डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते मी मराठीत मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं, तरी त्याचा अर्थ लागला नाही.

चैत्रात ती खाटेवरच होती. तरी जोडे आले. मी ते तिच्यासमोर घासायचो, ती पडल्या पडल्या सांगायची. “आतून घासा. बाहेरून सगळेच घासतात.” नाड्यांच्या वेण्या ती उशीला टेकून घालायची. बोटं थकली की सूत छातीवर ठेवून झोपी जायची.

वैशाखात मी एकदा गिरणीवर दळण आणायला गेलो होतो. दोघी बायका माझ्याकडे पाठ करून बोलत होत्या. “गावभरचे उतरलेले जोडे घरात भरायचे म्हणजे काय? सगळ्यांची पनोती गोळा केली बाईने. दुसरं काय होणार?” गिरणीच्या घरघरीत त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून मला ऐकू आलं. मी डबा घेऊन घरी आलो. माणूस इतकी पुस्तकं हाताळतो, त्यातली पुष्कळशी वाचतो, आणि एका दुपारी गिरणीवर ऐकलेलं एक वाक्य त्याच्या डोक्यातून जात नाही.

त्या शनिवारी निर्मलाला झोप लागली होती. दारामागे तिच्या चपला होत्या. तपकिरी, पट्टे झिजलेले, अंगठ्याच्या जागी खोल खड्डा पडलेला. दोन्ही पट्टे उसवले होते ते आम्ही पिवळ्या सुताने शिवले होते. उजवा तिने, डावा मी. त्या मी पुस्तकांच्या पिशवीत घातल्या आणि निघालो.

शनिमंदिरापाशी तेलाचा वास होता. चपलांचा ढीग पडला होता. लोक उभ्या उभ्या चपला झटकतात आणि मागे न बघता जातात. मला तसं करता आलं नाही. मी वाकून तिच्या चपला एकमेकींशेजारी नीट ठेवल्या, घरी दारामागे असायच्या तशा. मग हात जोडले. काय म्हटलं ते लिहिणार नाही. एवढंच सांगतो की जे तिला झालं आहे ते यांच्याबरोबर जाऊ दे, असं म्हटलं. कुणाकडे जाऊ दे, हा विचार माझ्या मनात आला नाही.

तो आला कोपऱ्यावर पोचल्यावर. उसाच्या रसाच्या गाड्याशी मी उभा राहिलो, पेला हातात घेतला आणि मला आमच्या दारावरचा पुठ्ठा आठवला, माझ्याच अक्षरातला. पेला तसाच ठेवून मी परत फिरलो. चपला नव्हत्या. बाकीचा ढीग होता तसाच होता.

मंदिराशी तेल आणि रुईच्या पानांच्या माळा विकणाऱ्या एक मावशी बसतात. मी त्यांना विचारलं, “मावशी, इथे आता चपला ठेवल्या होत्या, पिवळ्या टाक्यांच्या.”

त्या हसल्या. “गेल्या ना? मग सुटलात तुम्ही! लोक इथी चोरी होत नाही म्हणून रडतात, अन् तुम्ही झाली म्हणून?”

“कुणी नेल्या?”

“असं विचारू नाही. विचारलं का पीडा वापस येते.”

मी घरी आलो. निर्मला जागी होती. उन्हं कलली होती. ती म्हणाली, “मला एकदा वर न्या. जोडे बघू दे. आणि माझ्या चपला द्या, फरशी तापली असेल.”

मी म्हटलं, “मोच्याकडे दिल्यात. टाका उसवला होता.”

ती माझ्याकडे बघत राहिली. सलीमभाईंचे लूम चालू होते.

“आज शनिवार ना?”

“हो.”

मला वाटलं, आता रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, “कुणी लहान पोरीने तर नाही ना नेल्या?”

“नाही. बाई होती. मोठी.”

“बघितलीत तुम्ही?”

“बघितली.”

तिने डोळे मिटले. “दिसली तर सांगा तिला. डाव्या पट्ट्याचा टाका कच्चा आहे. तुम्ही घातलेला.”

मग मी माझ्या चपला तिच्या पायांत घातल्या आणि तिला धरून एकेक पायरी वर नेलं. माझ्या चपलांत तिचे पाय कुठल्या कुठे होते. आईवडिलांच्या चपला घालून घरभर फिरणाऱ्या मुलीसारखी ती दिसत होती. मी अनवाणी. फरशी अजून चटके देत होती. ती कठड्याला टेकून जोड्यांच्या ओळी बघत होती आणि मी पाय उचलत नव्हतो.

वैशाख संपता संपता ती गेली.

तेराव्यासाठी गुरुजींनी यादी दिली. त्यात जोडा होता. पुढच्या वाटेवर काटे असतात, ऊन असतं, म्हणून गेलेल्या माणसासाठी जोडा आणि छत्री द्यायची. मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “कितना नंबर?”

मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही चपला घेऊन दिल्या नव्हत्या, ती स्वतःच घ्यायची. मी घरी जाऊन जुन्या चपला उलट्या करून नंबर बघितला असता, पण त्या मीच देऊन आलो होतो. साऱ्या जैनाबादच्या मुलांचे पाय तिला माहीत होते. तिचा पाय केवढा होता, ते मला माहीत नव्हतं. मी दोन्ही हातांनी हवेत माप दाखवलं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि एक जोडा बांधून दिला. तो तिला झाला असता की नाही, कुणास ठाऊक.

जोडा हा शब्द आपल्याकडे पायातल्यालाही आहे आणि नवराबायकोलाही. तेराव्याच्या दिवशी गुरुजी “जोडा आणलात का?” म्हणाले, तेव्हा मला क्षणभर प्रश्नच कळला नाही.

मग पाऊस झाला, दिवाळी झाली, हिवाळ्यात तापीवर धुकं आलं. वर्षभर मी शनिमंदिराच्या रस्त्याने गेलो नाही. भाजी आणायला लांबचा फेरा घ्यायचो. पनोती वगैरे काही नसतं, हे मला माहीत आहे. पण निर्मलाच्या हिशेबाने बघायचं तर मी चपला दिल्याच नव्हत्या, पीडा दिली होती. आणि ती कुणीतरी पायांत घालून घेऊन गेलं होतं. ते माणूस कोण, ते धड आहे का, हा प्रश्न दात दुखावा तसा वर्षभर होता. बाजारात मी लोकांचे पाय बघत चालायचो. निर्मला फोटोत बघायची तसे. फक्त तिला पिवळं सूत दिसावं असं वाटायचं, आणि मला दिसलं तर काय, याची भीती वाटायची.

गेल्या आठवड्यात, शुक्रवारी, कुणीतरी दाराशी पिशवी ठेवून गेलं. आत मुलांचे जोडे, सहा-सात. सोबत ना नाव, ना चिठ्ठी. केतकीचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं.

“बाबा, करा ना सुरू. आईचं सगळं साहित्य आहेच.”

“बघतो.”

“बघतो म्हणजे नाही. तुमचं ‘बघतो’ मला माहीत आहे.”

पिशवी रात्रभर व्हरांड्यात होती. तिला हात लावायच्या आधी मला एक गोष्ट कळायला हवी होती. शनिवारी सकाळी मी सुताचा कोन काढला, हातभर सूत तोडून खिशात ठेवलं. का ठेवलं, ते सांगता येत नाही. घरातून निघताना निर्मला ठेवायची म्हणून असेल. आणि मी त्या रस्त्याने गेलो.

मावशी तिथेच होत्या. त्यांनी मला ओळखलं. “या सर. लय दिवसांनी.”

मी म्हटलं, “मावशी, माझी बायको गेली. आता वापस यायला काही उरलं नाही. सांगा, चपला कुणी नेल्या होत्या?”

त्यांच्या हातातली माळ थांबली. मग म्हणाल्या, “पोरगी आहे एक. पूनम. असीरगडकडची माणसं आहेत, केळी तोडायच्या कामाला येतात, नदीच्या अंगाला शेतातच ऱ्हातात. मला रुईची पानं आणून देते शनिवारी. मीच म्हटलं तिला, घे.”

“लहान आहे?”

“दहा-अकराची असल.”

निर्मलाने विचारलं होतं ते नेमकं हेच, आणि मी न बघता नाही म्हणालो होतो.

“मावशी, तुम्हाला माहीत होतं ना लोक इथे चपला कशासाठी सोडतात? मग लहान पोरीला…”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. “सर, भुईला पाय टेकत नव्हता तिचा, असं ऊन होतं त्या दिवशी. तिच्याजवळ पनोतीला न्यायला काय आहे? शनिमहाराजाला बी कळतं कुठी काय भेटल.”

“बरी आहे ना ती?”

“बसा. येईलच आता. तुम्हीच बघा.”

मी मंदिराच्या भिंतीच्या सावलीत बसलो. चपला सोडणारे येत होते, जात होते. एक जण तर नवे कोरे बूट सोडून गेला. बरं नसलेलं मूल कसं चालतं, ते मी मनात चालवून बघत होतो. तासाभराने रुईच्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेतलेली एक मुलगी रस्ता ओलांडून आली. आधी मला आवाज ऐकू आला. मोठ्या चपला लहान टाचांवर आपटतात तो, फटक फटक. चांगली चालत होती. चालत नव्हती, जवळजवळ पळत होती.

तिने भारा टाकला. मावशींनी तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, तशी ती घाबरली. एक पाय दुसऱ्या पायामागे लपवत म्हणाली, “मैंने नहीं चुराई. मावशी ने दी थी.”

“मला माहीत आहे. मला परत नकोत.”

“फिर?”

मी काय बोलायला आलो होतो ते सगळं विसरलो. खिशात हात घातला तर सूत लागलं. मी म्हटलं, “पायाचं माप घेऊ?”

ती मावशींकडे बघून हसली, म्हातारा वेडा आहे का, असं. पण तिने उजवी चप्पल काढली आणि पाय पुढे केला. मी खाली बसलो. आयुष्यात मी हे काम कधी केलं नव्हतं, फक्त पाहिलं होतं. टाचेशी सूत धरलं, अंगठ्यापर्यंत आणलं. तिला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली आणि पाय सरळ झाला. मी गाठ मारली.

मग तिची परवानगी घेऊन मी ती चप्पल उचलली. आतला अंगठ्याचा खड्डा अजून निर्मलाचाच होता. त्याच्या थोडं अलीकडे एक नवा, उथळ खड्डा पडायला लागला होता. मी तेच सूत टाचेपासून चपलेच्या टोकापर्यंत धरलं आणि दुसरी गाठ मारली. दोन गाठींमध्ये बोटभर अंतर होतं, फार तर थोडं जास्त.

“ये किसका नाप है?” तिने विचारलं.

“जिच्या या चपला होत्या, तिचं.”

“वो बाई अब क्या पहनती है?”

मी चप्पल तिच्या पायापुढे ठेवली, तिने पाय सरकवला. मग मला निरोप आठवला. मी म्हटलं, “तिने तुला सांगायला सांगितलं होतं. डाव्या पट्ट्याचा टाका कच्चा आहे.”

पूनम मोठ्याने हसली. “वो तो कब का टूट गया!” तिने डावा पाय वर करून दाखवला. माझा टाका कुठेच नव्हता. पट्टा केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीच्या, दोरीने घट्ट बांधलेला होता, दोनदा वळसे देऊन, बारीक गाठ मारून. सोपट वाळून चपलेच्याच रंगाचं झालं होतं. पलीकडे उजव्या पट्ट्यावर निर्मलाचा पिवळा टाका शाबूत होता.

ती निघाली. फटक फटक करत रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली, थांबली आणि वळून ओरडली, “बाबा! बाई को बोलना, मैंने बाँध लिया!”

“सांगतो,” मी म्हणालो.